सोळा सोमवार आणि रमीचा डाव

बायांनो, नवऱ्यांच्या अपडाऊनची कीव करणं सोडा आता! आमचे हे रोज रेल्वेगाडीने अमरावतीहून अकोल्याला नोकरीवर जातात. घरी आले की कंबर धरून पडतात, पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागतो. बिचाऱ्यांची बदली गावातच व्हावी म्हणून मी सोळा सोमवार धरले, मीठ सोडलं. शेवटच्या सोमवारी संध्याकाळी चुरमा करत होते, तर यांचे गाडीतले सोबती देशमुखभाऊ पेढे घेऊन दारात.

"वहिनी, तोंड गोड करा! बदली रद्द झाली!"

"कोणाची?"

"यायचीच, तुमच्या घरधन्याची! मागच्या हप्त्यात अमरावतीची ऑर्डर आली होती न. यायनं साहेबाले हात जोडून नाही म्हटलं. आमच्या डब्यात रमीले असा दुसरा गडी नाही न!"

खाटेवर कंबर धरून पडलेल्या यांनी तोंडावर चादर ओढून घेतली.

महादेवानं तर दिलं होतं, त्याला काय बोल लावायचा? मी पेढा देवापुढे ठेवला आणि यांना म्हटलं, "पुढच्या सोमवारपासून पुन्हा व्रत धरते."

"आता कायले वं?"

"मले अकोल्यात नोकरी लागावी म्हणून. घरी येऊन कंबर धरून पडायची माहीही लय इच्छा आहे."