वरचा बारीक आकडा

मंडळी, गोष्टीच्या आधी एक विचारू? माणूस संपला, असं आपण कधी म्हणायचं? श्वास थांबल्यावर? ते वैद्य सांगेल हो. मी निराळं विचारतोय. माणूस समोर नाही, बोलत नाही, निरोप नाही, तर त्याला मनातनं कधी पुसायचं? आणि पुसणारे आपण कोण? लगेच उत्तर देऊ नका. खांबाला टेकलेले तात्या तर देणारच नाहीत, त्यांचे डोळे मिटलेत. झोपा तात्या, खुशाल झोपा! आजच्या गोष्टीत झोपेलाच मोठं काम आहे.

ऐका. रेवदंड्याची खाडी. दुपारची वेळ. पाणी नुसतं थांबलेलं, समुद्र कुठं सरतो आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नाही, अशी धुरकट दुपार. शिडाच्या गलबतांचा काळ हा. इथून तांदूळ-नारळ भरून गलबतं पार अरबस्तानात, जेद्दा बंदरापर्यंत जायची आणि खजूर घेऊन यायची. अशाच एका गलबतावर हाशा कोळी खलाशी म्हणून गेला. वादळ झालं, गलबत बुडालं, एकही माणूस परत आला नाही. घरी राहिली बायको चांगुणा, आणि हाशाचा धाकटा भाऊ पोशा.

आता रीत काय होती? हरवलेल्याची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला नारळाचं डोकं लावायचं, आणि अग्नी द्यायचा. पालाशविधी म्हणतात त्याला. पुतळा जळला की माणूस गेला, आणि बायकोनं कुंकू पुसायचं. मंडळी, बारावं वर्ष सरत आलं होतं.

आणि तेव्हाच एका अरबी गलबतावरच्या खलाशानं चांगुणेच्या हातात एक चिंधी आणून दिली. कुणी दिली? त्याला ठाऊक नाही. या हातातनं त्या हातात, बंदराबंदरातनं फिरत आलेली. रेवदंड्याच्या चांगुणेला द्यायची, एवढाच निरोप चिंधीबरोबर टिकला होता. चिंधी सोडली तर आत एक चांदीचं नाणं. आणि नाण्यावर टोच्यानं कोरलेला एक मासा, शेपटीवर आडवी रेघ. चांगुणेनं तो बघताक्षणी ओळखला. ही खूण हाशाची! वल्ह्यावर, चिलमीवर, घराच्या उंबऱ्यावर, जे आपलं त्यावर तो हा मासा कोरायचा.

चांगुणा आणि पोशा नाणं घेऊन गेली भिकशेट पोतदाराकडे. पोतदार म्हणजे नाणी पारखणारा. नाव भिकशेट, पण पोट बघितलं तर भिकेचा संबंध नाही! साऱ्या किनाऱ्यावर त्याचा शब्द शेवटचा. परदेशी नाण्यांवरचे आकडेसुद्धा वाचायचा, आणि वाचताना चार माणसं ऐकतायत ना, ते आधी बघायचा.

भिकशेटनं नाणं उन्हात धरलं. "हं. रूमच्या बादशहाचं. इस्तंबूलचा तुर्की सुलतान म्हणतात तो. ही बघ त्याची सही." खरंच काय ती सही, मंडळी! तीन उभ्या काठ्या, डावीकडे दोन मोठी वेटोळी, जिलबी घालणाऱ्यानं काढावी तशी. मग त्यानं नाणं कसोटीच्या दगडावर घासलं, तोंड वाकडं केलं. "चांदी थोडी, तांबं फार. मोडीत दोन आणे."

"किंमत नको शेट," चांगुणा म्हणाली. "कधीचं हाय ते सांगा."

भिकशेटनं मागची बाजू वाचली. वर कसलासा बारीक आकडा, खाली साल. मुसलमानी सनाचं, बाराशे तेवीस. "आणि गलबत बुडालं त्याच सनाच्या बाराशे बत्तीसला. म्हणजे पोरी, नाणं आधीचं आहे. आधीच्या फेरीत मिळवलं असेल, खूण कोरली असेल. मेल्यावर कुणा पुण्यवंताला कमरेला सापडलं, त्यानं घरी धाडलं."

झालं. निकाल लागला. पोशा काही वाईट माणूस नव्हता हं. रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसायचा, येणारं प्रत्येक गलबत बघायचा. तो एवढंच म्हणाला, "वयनी, आता त्याला मोकळं करू. मलापण मोकळं व्हायचंय." चांगुणेनं नाणं चिंधीत बांधलं आणि होकारार्थी मान हलवली.

विधीच्या दिवशी दुपारी भिकशेट जेवला, गादीवर लवंडला. शेजारी अरबी व्यापाऱ्यांकडनं आलेल्या, वितळवायच्या नाण्यांची परात. डोळा लागला. आता ऐका, तात्या, तुमच्यासाठी! स्वप्नात समुद्र शिरला दुकानात. हळूच, पायरी भिजवत. परात तरंगायला लागली, नाणी पाण्यावर पसरली, एकेक नाणं उजळत लांब लांब चाललं. आणि लाटेवर एक सिंहासन, त्यावर कुणी पाठमोरा बसलेला. कितीतरी वर्षं लोटली, मागची शिडं पांढऱ्याची काळी झाली, तरी तो तसाच बसलेला. भिकशेट विचारतो, "महाराज, कधी बसलात?" तो म्हणतो, "बाराशे तेवीस." "आणि आज काय साल?" तर तो हसला आणि म्हणाला, "ते तू विचारलंच कुठं होतंस?"

भिकशेट ताडकन उठला. परात जागच्या जागी होती. त्यानं मूठभर नाणी उचलली. एकावर बाराशे तेवीस. दुसऱ्यावर बाराशे तेवीस. तिसऱ्यावर तेच! अरे, पण हे झिजून गुळगुळीत, आणि हे कालच टाकसाळीतनं निघाल्यासारखं करकरीत. एकाच साली पाडलेली कशी असतील? मग त्याची नजर वर गेली. वरच्या बाजूला एक बारीक आकडा. झिजलेल्यावर तीन, करकरीतवर वीस. खालचं साल नाण्याचं नव्हतंच, मंडळी. ते राजा गादीवर बसला त्याचं साल! तो जिवंत असेतो ते बदलत नाही. नाणं कधीचं, ते सांगतो वरचा बारीक आकडा, राज्याचं कितवं वर्ष ते.

आणि चांगुणेच्या नाण्यावर काय होतं वर? त्याला आठवलं. पंधरा! तेवीस हे पहिलं वर्ष, म्हणजे पंधरावं सन सदतीस. गलबत बुडालं बत्तीसला. नाणं पाडलं बुडाल्यानंतर, आणि त्यावर मासा कोरलाय हाशानं. बुडालेला माणूस पाच वर्षांनी मासे कोरतो का हो?

भिकशेट धावला. पागोटं दुकानात, वहाणा दारात, परातीतली नाणी धोतराच्या सोग्यात. खाडीकाठी पळसाचा पुतळा निजवलेला. पोशाच्या हातात पेटती चूड. चांगुणा कमरेएवढ्या पाण्यात, कुंकवाची डबी सोडायला निघालेली.

"पोशा, थांब. मी चुकलो."

साऱ्या किनाऱ्यानं हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. त्यानं वाळूवर नाणी ओतली आणि सगळं सांगितलं. पोशाची चूड तशीच जळत राहिली. "शेट, त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ते खरं मानलं. आज सांगताय ते खरं कशावरनं?"

"माझं मानू नकोस. नाणी बघ."

चांगुणा ओलीच आली, वाळूवर बसली. अक्षर येत नव्हतं तिला. पण खालचं चित्र सगळीकडे तेच, वरचं निराळं, हे तिनं बोट लावून लावून पाहिलं. मग चिंधी सोडून आपलं नाणं मध्ये ठेवलं आणि म्हणाली, "भावजी, चूड इझवा."

पोशानं चूड पाण्यात खुपसली आणि तिथंच गुडघ्यांत डोकं घालून रडला. बारा वर्षांचं रडणं होतं ते. पुढच्या हंगामात तोच निघाला, जेद्द्याला. धक्क्या-धक्क्यावर मासा काढून दाखवत फिरला. आणि सापडला हाशा, एका गोदीत दोर वळत बसलेला, वादळातनं वाचलेला, पण पायानं अधू. लंगडा घरी जाऊन कुणाच्या गळ्यात पडू, म्हणून लाजून राहिलेला, खुणेचं नाणं तेवढं धाडलेलं. भावानं त्याला पाठुंगळी घेऊन गलबतावर चढवलं.

नंतर चांगुणा नाणं घेऊन भिकशेटकडे गेली. "गळ्यात घालायचंय, भोक पाडा." भिकशेट म्हणाला, "पोरी, भोक पाडलं की दोन आण्याचा एक होईल." ती म्हणाली, "मला कुठं विकायचंय, शेट."

तर मंडळी, झोपलेल्यांना उठवा आता. मघाचा प्रश्न तुम्हालाच. घरात कुणाचा पळसाचा पुतळा करून ठेवलाय? भावाचा? सुनेचा? रुसून गेलेल्या मित्राचा? त्या साली तो असं बोलला, त्या साली ती तशी वागली. तेच एक साल वाचताय, रोज, घोटून घोटून! त्यानंतर त्याची वर्षं गेलीत, तो झिजलाय, शहाणा झालाय, तुमच्या आठवणीनं कुठंतरी मासे कोरत बसलाय. तो वरचा बारीक आकडा कोण वाचणार? आणि देवानं तुमचं-माझं एकच साल वाचलं असतं, तर आज या मांडवात बसायची सोय होती का?

आरती होईल, प्रसाद घ्या. प्रसादाचे दोन भाग करा. घरी जाताना वाट जरा वाकडी करा, आणि ज्या दाराशी इतकी वर्षं थांबला नाहीत, तिथं थांबून हाक मारा. नाव घ्यायचं ते आज त्याचं घ्या. देवाला पोचेल.