रात्रभर बांधून ठेवलेले शर्ट

(भावाच्या भाड्याच्या घरातलं न्हाणीघर. सोमवारची सकाळ. ताई फरशी घासते आहे, भाऊ दारात उभा आहे.)

ताई: निळा मी समजू शकते. निळा बादलीखाली सांडलाय. पण हे जांभळं भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, हे कसं गेलं?

भाऊ: धाकट्याने बाटली झटकली. तोंड अडकलं होतं तिचं.

ताई: आणि तू शोभा बघत बसलास.

भाऊ: मी मोठीच्या शर्टाला रबर बांधत होतो. राहू दे ना ताई, मी संध्याकाळी घासतो.

ताई: तू घासणार! त्याआधी घरमालक येऊन बघेल आणि सामान रस्त्यावर ठेवील. इवल्याशा पोराच्या हातात रंगाची बाटली देणारा बाप म्हणजे धन्यच म्हणायचा. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?

भाऊ: माझ्याच. एक व्हिडिओ बघितला होता. पांढऱ्या शर्टाला पीळ द्यायचा, रबर लावायचे, वर रंग ओतायचे. सोपं वाटलं.

ताई: व्हिडिओत सगळंच सोपं असतं. व्हिडिओतल्या बापाला न्हाणीघर घासायला बहीण लागत नाही. मी कधीपासून सांगतेय, पोरांना बागेत ने, सायकल शिकव. ते नाही सुचलं.

भाऊ: दर शनिवारी बागच तर होते. मोठी बाकावर मोबाइल बघत बसते. धाकटा दोनदा घसरगुंडीवर जातो आणि मग सारखा विचारतो, किती वाजले. आईकडे जायची वेळ झाली का म्हणून.

ताई: म्हणून न्हाणीघराचं वाटोळं केलंस. बरं, ज्यासाठी एवढं केलं ते शर्ट तरी दाखव.

भाऊ: ओलेच घालून गेली दोघं. मोठीचा फार छान झाला. मधोमध वेटोळं, कडेला पिवळ्या रेघा. पीळ मी दिला होता. म्हणाली, बाबा, दातांचं काम करून करून तुझी बोटं बारीक चालतात.

ताई: आणि धाकट्याचा?

भाऊ: पांढराच निघाला.

ताई: पांढरा?

भाऊ: शाळेतल्या खेळाचा शर्ट घेऊन आला होता, नायलॉनचा. त्यावर हा रंग चढतच नाही, सुतीच लागतो. धुवायला घेतला तर सगळा रंग पाण्याबरोबर गेला.

ताई: झालं. पोरगं ढसाढसा रडलं असेल.

भाऊ: नाही रडला. उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, ह्याला नकोच होता रंग. मग घातला. हात कोपरापर्यंत निळे आणि शर्ट पांढराशुभ्र. मोठी हसत सुटली, मग तोही.

ताई: हसण्यावारी ने सगळं. तुझं नेहमीचंच आहे. पण त्यांच्या आईची अक्कल बघ ना. एक धड सुती शर्ट पाठवायला बाईसाहेबांना काय झालं होतं?

भाऊ: मी नुसतं पांढरा शर्ट आणा एवढंच सांगितलं होतं.

ताई: घे, पाठीशी घाल तिला. लोकांच्या कवळ्या बनवतोस, तुला स्वतःला मात्र तोंड नाही. तिच्यापुढे वाकू नकोस हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. शनिवारी दिवसा भेट, दिवेलागणीच्या आत परत. ठरलंय तेवढं घ्यायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. एकदा का काही मागितलंस की डोक्यावर बसेल... थांब. शर्ट धुतले कधी म्हणालास?

भाऊ: काल सकाळी.

ताई: पोरं शनिवारी संध्याकाळी जातात.

भाऊ: ह्या वेळी नाही गेली. शर्ट रंगवून झाले की पिशवीत घालून रात्रभर तसेच बांधून ठेवावे लागतात, नाहीतर रंग धरत नाही. हे त्या व्हिडिओच्या शेवटी सांगितलंय.

ताई: आणि शेवट तू बघितलाच नव्हतास.

भाऊ: नव्हता. मोठीने बघितला, तोवर सगळं रंगवून झालं होतं. तिने माझ्या हातातल्या पिशव्यांकडे बघितलं आणि हात धुवायला गेली. धाकट्याने विचारलं, मग उघडणार कोण? मी म्हटलं, मी उघडीन आणि तुम्हाला फोटो पाठवीन. तर त्याने मान डोलावली, ताई. मोठ्या माणसासारखी. त्याने हातपाय आपटले असते तर मला चाललं असतं. ती मान बघवेना.

ताई: मग काय दिवे लावलेस?

भाऊ: त्यांच्या आईला फोन केला.

ताई: तू. आपण होऊन.

भाऊ: हो. म्हटलं, शर्ट रात्रभर ठेवावे लागतात, सकाळी उघडायचे असतात. एवढंच.  ती म्हणाली, तर राहू देत की तिथेच, मी सकाळी येते न्यायला. धाकट्याला झोपताना बारीक दिवा लागतो, तेवढा ठेव.

ताई: आणि साहेब विरघळले. आता बघ, ह्या एका रात्रीचं ती जन्मभर ऐकवील. उपकार केल्याच्या थाटात.

भाऊ: पलंग पोरांना दिला, मी खाली झोपलो. धाकटा मधूनमधून वाकून बघत होता मी आहे का. मोठीने मला उठवलं तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. दोघं दात घासायच्या आधी पिशव्या घेऊन नळाखाली बसली.

ताई: पुरे झालं कौतुक. बाईसाहेब कधी उगवल्या? दारातच नाक मुरडलं असेल घर बघून.

भाऊ: आत आली. मी आता उभा आहे ना, तिथेच उभी होती. पाय भिजले तिचे रंगाच्या पाण्यात, तरी हलली नाही. पोरं शर्ट पिळायला गॅलरीत गेली, तेव्हा मी तिला थँक्यू म्हटलं. तर म्हणाली, मला कशाला? मी तर गेल्याच वर्षी सांगितलं होतं, शनिवारी रात्री ठेवून घेत जा म्हणून.

ताई: सांगितलं होतं म्हणे. कुणाला?

भाऊ: तुला.

ताई: ...हा साबण कुठून आणलास? फेस म्हणून येत नाही.

भाऊ: तेव्हा आम्ही एकमेकांचे फोन उचलत नव्हतो. म्हणून ती तुझ्या घरी आली, पोरांना घेऊन. तू दारातूनच सांगितलंस, त्याला नकोय.

ताई: ती काय, वाट्टेल ते सांगेल. तू ऐकून घेणारा भेटलायस ना.

भाऊ: मोठीनेही सांगितलं. मी विचारलं नव्हतं. काल निघताना बुटाची नाडी बांधत होती. खाली मान घालूनच म्हणाली, आत्या म्हणाली होती, आम्ही रात्री तुला नको असतो.

ताई: असं नव्हते म्हणाले मी. झेपणार नाहीत म्हणाले. तुला आठवतंय का तुझी काय दशा होती? अंथरूण सोडत नव्हतास. डबा मी आणत होते, कपडे मी धूत होते, दाढी कर म्हणून हातापाया पडत होते. त्या अवतारात पोरांनी बघायचं होतं तुला? आणि तिने जाऊन माहेरी सांगायचं, बघा कसा पडलाय?

भाऊ: तेव्हाचं बरोबर होतं तुझं.

ताई: मग आता कशाला उकरतोयस?

भाऊ: पण नंतर मी उठलो ना. कामावर जायला लागलो. पावसाळ्याआधीच. तेव्हा सांगायचं होतंस.

ताई: तेव्हा सगळं नीट लागलं होतं. पुन्हा कुठे तिचं नाव काढायचं.

भाऊ: नीट कुणाचं लागलं होतं?

ताई: तुझं. पोरांना सोडलंस की माझ्याकडे यायचास जेवायला. शनिवारचं. गप्पा व्हायच्या. मला वाटलं, बरं चाललंय माणसाचं.

भाऊ: हो. यायचो.

ताई: ह्या शनिवारी आला नाहीस. फोन नाही, काही नाही. मी पानं घेऊन बसले होते.

भाऊ: विसरलो.

ताई: विसरलास. वा. चार बाटल्या रंग काय हातात आला, बहीण विसरलास.

भाऊ: खरंच विसरलो गं. पोरं घरात होती.

ताई: मग सुनाव आता. एवढं सगळं ठाऊक होतं तर मघापासून मला बोलू का दिलंस? मी तिला नावं ठेवतेय आणि तू आपला नायलॉन न् सुती करतोयस.

भाऊ: काल दिवसभर मनात सुनावतच होतो. इतकं वाईट बोललो तुला, की सांगता येणार नाही. आज आलीस आणि काही न विचारता पदर खोचून घासायलाच बसलीस. मग तोंड उघडेना.

ताई: कुणीतरी घासायला हवंच होतं. ती थोडीच घासणार आहे येऊन?

भाऊ: ताई, ब्रश ठेव खाली.

ताई: कोपरा राहिलाय.

भाऊ: राहू दे. आता दर शनिवारी रात्री पोरं इथे राहणार आहेत. आमचं बोलणं झालंय.

ताई: म्हणजे मी यायचं नाही. सरळ सांग ना.

भाऊ: यायचं. जेवायलाच ये. फक्त माझ्या घराची किल्ली आज इथे ठेवून जा. शनिवारी बेल वाजव.

ताई: बहिणीने बेल वाजवायची.

भाऊ: हो. मोठी दार उघडेल. तिला काय सांगायचं, ते तू येताना वाटेत ठरव.