स्वच्छ मनाची झोप

डॉक्टर: म्हणजे काल रात्री नऊनंतर पोटात काही नाही.

निरीक्षक: नऊ वाजून पाच मिनिटं. पेलाभर दूध. सकाळी सहाला दोन घोट पाणी, तेही तुमच्या सिस्टरना विचारून. लिहून घ्या.

डॉक्टर: घेतलं. काका, मी भूल देणारी डॉक्टर. हर्नियाचं काम सर्जन करतील. तुम्हाला झोपवायचं, झोपेत सांभाळायचं आणि उठवायचं, हे माझ्याकडे. म्हणून जरा जास्त प्रश्न विचारते.

निरीक्षक: विचारा ना. चौतीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो. बाजारातल्या प्रत्येक काट्यापुढे उभं राहून हेच केलं. आता माझा काटा तपासा.

डॉक्टर: दात कसे आहेत?

निरीक्षक: बत्तीसपैकी एकोणीस हजर. त्यातल्या एकानं राजीनामा दिलाय, पण अजून मंजूर झालेला नाही.

डॉक्टर: हलतोय? आ करा. हा, खालचा. बरं झालं सांगितलंत. घशात नळी घालताना निसटला तर थेट श्वासनलिकेत जातो.

पत्नी: अगंबाई. एवढंसं काहीसुद्धा सांगावं लागतं?

डॉक्टर: एवढंसंच सांगावं लागतं, काकू. मोठं असतं ते आम्हाला रिपोर्टात दिसतं. बरं, सिगारेट, दारू?

निरीक्षक: दोन्ही नाही. दारूची मापं तपासली आहेत, प्यायलो नाही.

डॉक्टर: अंडं, सोयाबीन, एखादं औषध, कशानं अंगावर गांधी उठतात?

निरीक्षक: कशानंच नाही.

डॉक्टर: रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीचा त्रास झाला होता? आई, वडील, भाऊ?

निरीक्षक: भाऊ होते, थोरले. वारले. त्यांना कधी भूल दिली होती की नाही, मला कल्पना नाही.

पत्नी: दिली होती. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी. काही त्रास झाला नाही.

निरीक्षक: तुला कसं ठाऊक?

पत्नी: वहिनींनी सांगितलं होतं.

निरीक्षक: हं.

डॉक्टर: औषधं कुठली चालू आहेत?

निरीक्षक: रक्तदाबाची एक, सकाळी. बास.

डॉक्टर: झोपेची वगैरे?

निरीक्षक: डॉक्टर, झोपेच्या गोळ्या ज्याच्या मनात काही असतं त्यानं घ्याव्यात. मी पाठ टेकली की गेलो. भाऊ वारले तेव्हा तेवढे चाळीस दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरातल्या साबणाच्या वड्या वजन करून छापलेल्या आकड्याशी ताडत बसायचो. दोन कंपन्यांना पत्रं गेली.

पत्नी: तीन.

निरीक्षक: तीन. आणि मग एका रात्री जी झोप लागली, ती आज सहा वर्षं लागतेच आहे. तेव्हा मला कळलं, आपलं मन साफ आहे. स्वच्छ मन आणि पेलाभर कोमट दूध. आमच्या इमारतीत अकरा घरांत मी दूध सुरू करून दिलंय.

डॉक्टर: मग त्यांना लागते झोप?

निरीक्षक: नाही. त्यांची मनं कुणीतरी तपासायला हवीत.

डॉक्टर: छान. आता काय होणार ते सांगते. आत नेल्यावर हातात सुई घालून ठेवू. छातीला पट्ट्या, बोटाला चिमटा. मग शिरेतून औषध. दंडापर्यंत थोडी आग होईल, घाबरायचं नाही. दहा मोजायला सांगेन, पाच-सहापर्यंत तुम्ही झोपलेले असाल. उठल्यावर घसा दुखेल, थंडी वाजेल, एखाद्याला मळमळतं. एक दिवस गाडी चालवायची नाही, कशावर सही करायची नाही. आणि एक रात्र घरी कुणीतरी सोबत लागेल.

पत्नी: मी असतेच.

डॉक्टर: औषध पाहून दचकू नका. दुधासारखं पांढरंशुभ्र असतं.

निरीक्षक: मग काय प्रश्नच नाही. दूध मला कधी दगा देत नाही.

पत्नी: डॉक्टर, जरा बाहेर येता?

निरीक्षक: बाहेर कशाला? पेशंट मी आहे. जे काय असेल ते इथं बोल.

पत्नी: काही नाही. मी आपलं विचारत होते, समजा एखाद्याला रोज रात्री झोपेची अर्धी गोळी जात असली, तर ह्या इंजेक्शनानं काही बिघडतं का?

डॉक्टर: एखाद्याला म्हणजे?

पत्नी: एखाद्याला.

निरीक्षक: अगं, त्या एखाद्याचं ऑपरेशन असेल तेव्हा तो विचारील.

डॉक्टर: बिघडू शकतं, काकू. रोजची सवय असलेल्या माणसाला भुलीचा हिशेब वेगळा लागतो. आणि आदल्या रात्रीची गोळी अंगात शिल्लक असली, वर माझी औषधं गेली, तर श्वास मंदावतो, उठायला वेळ लागतो. माहीत असलं तर मी सांभाळून घेते. माहीत नसलं तर अंधारात चालल्यासारखं होतं.

पत्नी: मग सांभाळून घ्या.

डॉक्टर: काकांना?

पत्नी: ही बघा पट्टी. मला लिहून दिली होती, एक गोळी रोज. अर्धी मी घ्यायचे. अर्धी ह्यांच्या दुधात.

निरीक्षक: कधीपासून?

डॉक्टर: काका, एक मिनिट. काकू, काल दिलीत?

पत्नी: दिली. नऊ वाजून पाच मिनिटांनी.

डॉक्टर: बरं. गोळीचं नाव आणि ताकद लिहून घेतली. आणखी काही? कसली पूड, काढा?

पत्नी: नाही हो, एवढंच. रद्द होईल का ऑपरेशन?

डॉक्टर: तसं वाटत नाही. सर्जनना सांगते, दोन तपासण्या पुन्हा करते, औषधं त्या मापानं देईन. पण घरी गेल्यावर एकदम बंद करू नका, कमी करत आणायची असते. आणि दुसऱ्याची गोळी दुधातून द्यायची नसते, हे मी आता वेगळं सांगत नाही.

पत्नी: नका सांगू. रोज मीच मला सांगते.

निरीक्षक: अर्धी कशी करायचीस?

पत्नी: सुरीनं.

निरीक्षक: सुरीनं सारखी होत नाही. एक तुकडा मोठा येतो.

पत्नी: मोठा तुम्हाला द्यायचे.

निरीक्षक: सहा वर्षं. आख्ख्या बाजाराची लबाडी पकडत फिरलो, आणि घरच्या पेल्यात...

पत्नी: बोला. काय बोलायचं ते बोला. पण गोळीचं मला तेवढं वाईट वाटत नाही. पहिल्या रात्रीचं वाटतं.

निरीक्षक: का, पहिल्या रात्री पुरी दिली होतीस?

पत्नी: आठवून बघा. चाळिसावा दिवस. तुम्ही बॅग भरलीत. म्हणालात, सकाळी सहाच्या बसनं वहिनीकडे जातो आणि माफी मागतो. डोळे खोल गेले होते तुमचे. मला वाटलं, प्रवासाआधी निदान चार तास झोपावं तुम्ही. म्हणून दिली.

निरीक्षक: मी आठला उठलो.

पत्नी: आठला उठलात. बस गेली होती. मी म्हटलं, दहाची आहे. तर तुम्ही आळस देऊन हसलात आणि म्हणालात, आता जायचं कारण काय? एवढी गाढ झोप ज्याला लागते त्यानं काही चूक केलेली नसते. आणि बॅग उपसलीत.

डॉक्टर: काकू, मी नंतर येऊ का?

निरीक्षक: बसा डॉक्टर. तपासणी अर्धवट सोडायची नसते. तुम्हाला सांगतो, माझ्या भावाचं किराणा दुकान होतं. त्याच काट्यावर माल तोलून त्यानं माझं शिक्षण केलं. मी निरीक्षक झालो आणि एक दिवस भर गिऱ्हाइकांत तो काटा जप्त केला. किलोमागं पंधरा ग्रॅम कमी भरत होता. भाऊ आहे म्हणून ग्रॅम वाढत नाहीत.

पत्नी: हे वाक्य डॉक्टर, आमच्या घरात दर आठवड्याला होतं. अकरा वर्षं त्यांनी तोंड पाहिलं नाही ह्यांचं. मग ते गेले.

निरीक्षक: तू तेव्हाच का नाही सांगितलंस? त्याच सकाळी?

पत्नी: सहा आठवड्यांनी तुम्ही पहिल्यांदा हसला होतात. माझ्याच्यानं नाही झालं. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या रात्री पुन्हा दिली, म्हटलं, परवा सांगू. मग वहिनींचे फोन यायचे, विचारायच्या, धाकटा येणार का गं? मी म्हणायचे, तब्येत बरी नसते त्यांची. आणि तुम्ही शेजारच्या खोलीत घोरत असायचात.

निरीक्षक: वहिनी अजून करतात फोन?

पत्नी: महिन्यातून एकदा. आता विचारत नाहीत.

निरीक्षक: डॉक्टर, किती वेळ आहे?

डॉक्टर: तपासण्या धरून पाऊण तास.

निरीक्षक: त्यांचा नंबर आहे तुझ्याकडे?

पत्नी: पाठ आहे.

निरीक्षक: लाव. आणि तूच बोल आधी. सांग की मी...

पत्नी: नाही हं. लावून देते, बोलायचं तुम्ही. तुमच्या वतीनं फार बोलले मी, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

निरीक्षक: आण इकडे. तू रडू नकोस, वाजतोय.

(पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

निरीक्षक: वहिनी? मी बोलतोय. धाकटा. ... हो, मीच. ... नाही नाही, ती बरी आहे, इथंच आहे. मी दवाखान्यात आहे. लहानसं ऑपरेशन. ... नको, तुम्ही धावपळ करू नका. वहिनी, एक सांगायचं होतं. दादाच्या काट्याची स्प्रिंग सैल झाली होती. आपसूक. मला तेव्हाच दिसलं होतं. साहेब मागं उभे होते, मी भावाला सोडतो की काय ते बघत. मी कागदावर लिहिलं, जाणूनबुजून. ... हो. दादानं जाणूनबुजून कमी तोललं, असं. ... ... ऐकताय ना? ... काय? ... दादाला ठाऊक होतं? मी खोटं लिहिलं ते? ... ... काय म्हणालात, पुन्हा बोला, इथं आवाज नीट येत नाही. ... झोप? मला लागते का म्हणता? ... नाही, वहिनी. दादा गेल्यापासून मला झोप नाही.