खाणीच्या वाटेवरचा लाल दिवा

या, जवळ सरका. ते ओलं लाकूड बाजूला टाक रं, नुसता धूर करतंय. हां. आता ऐका. आन ए संपत, हसायचं आसंल तर आत्ताच हसून घे. मागनं हसू येनार न्हाई तुला.

ही गोष्ट मी उडत उडत ऐकलेली न्हवं. ज्यांच्यावर बेतली ती दोघं ह्याच पडवीत, ह्याच खांबाला टेकून बसली हुती. तोंडं पांढरी फट्ट!

कोल्हापूरची नवराबायको. त्यो उन्मेष, ती प्रणिता. लग्नाला वरीसबी झालं नसंल. दोघास्नी सायकलीचं भारी याड. सायकल म्हंजे आपली दुधाची किटली आडकवायची न्हवं. जाड टायरची, वाकड्या शिंगांच्या हँडलची. मागं क्यारेज न्हाई, घंटी न्हाई. आन डांबरी रस्ता त्यास्नी नकोच! खडी पायजे, मुरूम पायजे, दगडधोंडं पायजेत. डोंगरातनं कच्ची वाट कुठं जाती, ते हुडकत फिरायचं. सुट्टी आली की निघालीच.

त्या दिवशी डोंगराच्या पलीकडनं आली. घाटाखाली सत्तूच्या हॉटेलात च्या पिली. तवर दिवं लागलं. सत्तू म्हनाला, "डांबरीनं जावा. लांब पडंल, पर डांबरीनंच जावा."

उन्मेषनं फोन दावला. "काका, हा बघा ना रस्ता. खाणीवरून सरळ वाकीच्या वाडीत उतरतो. अंतर निम्मं होतंय."

"फोनात रस्ता दिसतो वो," सत्तू म्हनाला. "रस्त्यावर कोन हाय ते दिसतं का?"

त्यो हसला. तीबी हसली. आन निघाली की वो, अंधारात!

खाणीची वाट तुमास्नी ठावं हाय. धरणाच्या कामाला खडी नेत हुते, तवाची. आता कोन तिकडं फिरकत न्हाई. पर खडी आजून तशीच. चाक फिरलं की करकर, करकर वाजती. म्होरं त्यो, मागं ती. दिव्यांचं कवडसं खडीवर नाचायलेत.

जरा चढ चढली, आन मागनं घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग!

कुनीतरी वाट मागतंय. दोघं कडंला झाली. थांबली. कोन न्हाई. फुडं निघाली. ट्रिंग ट्रिंग! आता जवळ. आगदी पाठीला लागून. प्रणितानं वळून बगितलं. नुसता काळाकुट्ट अंधार.

"उन्मेष, हे कोण वाजवतंय?"

"खाली गावात असेल कुणीतरी. डोंगरात आवाज घुमतो," त्यो म्हनाला. पर त्याचाबी आवाज बारीक झाल्ता.

मग रोलर लागला. धरणाच्या टायमाचा गंजका रोलर, वाटेच्या कडंला पडलाय न्हवं, त्योच. त्याच्या म्होरनं गेली. चढली, चढली, चढली. छातीचा भाता झाला. आन म्होरं बगत्यात तर काय? त्योच रोलर! मधी फाटा न्हाई, वळन न्हाई, आन परत त्योच रोलर! चढत गेलेली मानसं खाली कशी आली? सांगा की! फोन काढला, तर त्यातला निळा ठिपका एका जागी गपगार.

चकवा लागला हुता बाबांनो. चकवा.

"परत फिरू या," ती म्हनाली.

"आता वर पोचलोच," त्यो म्हनाला, आन पायडल मारलं.

तिनंबी मारलं. आन तेवढ्यात तिचा दिवा गेला! हॉटेलात भरून घेतलेली बॅटरी, आन फुस्स! डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये आसा अंधार.

"उन्मेष! थांब ना, मला काहीच दिसत नाहीये!"

म्होरनं आवाज आला. "मी इथंच आहे. माझ्या दिव्यामागं ये."

आवाज त्याचाच. आन खरंच, थोड्या अंतरावर लाल दिवा. सायकलीच्या मागं आसतो तसा. तिच्या जिवात जीव आला. निघाली त्याच्या मागं.

उतार लागला. उतारावर सायकल कशी पळाया पायजे? पर जड झाली! पायडल दाबून दाबून मांड्या भरून आल्या. जसं मागं कुनी बसलंय. आरं, पर क्यारेजच न्हाई त्या सायकलीला, मग बसलं कशावर? मानंवर गार वारा लागाया लागला. थांबून थांबून. श्वास घेतल्यागत.

"ये ना," दिवा म्हनाला. "ये ना."

ती लाल दिव्याकडं टक लावून बगतीय. आन तिच्या ध्यानात आलं. खडीवर सगळं हालतं. तिचं दात वाजायलेत, हँडल थरथरतंय, हाडन् हाड खिळखिळं झालंय. पर त्यो दिवा हालत न्हाई! जरासुदिक न्हाई! सरळ रेघ मारल्यागत चाललाय. आन करकर वाजतीय ती फकस्त तिच्याच चाकाखालची खडी. म्होरल्या सायकलीचा आवाजच न्हाई!

तिनं ब्रेक दाबलं. सायकल थांबंना. उलट आनीकच सुसाट सुटली. पोरीनं काय करावं? डोळं मिटलं आन स्वताला आडवं टाकून दिलं खडीवर! कोपर सोललं, गुडघं फुटलं, पर ती तिथंच थांबली. सायकल गेली तशीच फुडं. खडी वाजली. मग वाजायची बंद झाली. मग कायच न्हाई.

आन मग खालनं आवाज आला. डुबुक.

खाण! तिच्या पायापासनं हातभर अंतरावर खाणीचा कडा. खाली काळं पानी. आन त्यो लाल दिवा? पान्याच्या वर, अधांतरी, हुबा! जिथं पाय ठेवाया जमीनच न्हाई तिथं!

"ये ना."

आन खालनं, पान्यातनं, घंटी वाजली.

ती जी किंचाळली, मी हितं घरात ऐकलं. आमची म्हातारी म्हनाली, कोल्हं आसंल.

तेवढ्यात मागनं हाक आली. "प्रणिता! कुठं आहेस?"

त्योच आवाज! तिनं हाताला लागंल त्यो दगड उचलला. "जवळ येऊ नकोस! फोडीन डोकं!"

"अगं, मी आहे..."

कसं वळखावं? सांगा! मग तिनं कान दिला. करकर. करकर. करकर. खडी वाजत हुती! वजन असलेल्या मानसाच्या पायाखाली वाजावी तशी. त्यो घसरला, आपटला, "आई गं" म्हनाला. तिनं दगड टाकला आन मिठीच मारली.

त्याची सायकल मागं वाटेवरच ऱ्हायली. हात धरून पळत सुटली. मागं घंटी. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. वळून बगितलं न्हाई, म्हनून वाचली. वाडीच्या वढ्यापातूर घंटी आली, आन वढ्याच्या पल्याड थांबली. आमची कुत्री बाजंखाली घुसून कण्हत हुती.

दार उगाडलं. पानी दिलं, हळद लावली. लाल दिवा म्हनल्यावर मला कळलं. दौलू. खाणीत सुरुंग लावायच्या आदी वाटेत लाल कंदील धरून हुबा ऱ्हायचा, मानसं आडवायचा. एक दिवस संध्याकाळी सायकलीसकट कड्यावरनं गेला, त्यो सापडलाच न्हाई. जितेपनी आडवायचा. आता बोलावतो.

प्रणितानं सगळं सांगितलं. उन्मेष ऐकत हुता. मधीच त्यानं तिला थांबवलं.

"पण तू माझ्याजवळ होतीस," त्यो म्हनाला.

"काय?"

"रोलरपाशी माझं चाक पंक्चर झालं. मी तुला हाक मारली. तू आलीस, शेजारी बसलीस. मी ट्यूब बदलत होतो, आणि तू टॉर्च धरला होतास. किती वेळ! एक शब्द बोलली नाहीस. मग लांबून तुझी किंकाळी आली. मी वर बघितलं, तर शेजारी कुणी नव्हतं. टॉर्च खाली पडला."



आता तुमीच सांगा. दौलू तर खाणीवर पोरीला बोलावत हुता. मग रोलरपाशी टॉर्च धरून बसलेलं कोन? मला ठावं न्हाई. हुडकायबी जानार न्हाई.

संपत, तुझं घर डोंगराच्या पलीकडं हाय न्हवं? मग डांबरीनं जा. उशीर होऊ दे, बायको बोलू दे. आन खाणीच्या वाटेला कवाच, कवाच पाय घालू नगंस.