देवीच्या पाठीमागची वीतभर जागा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही श्वास घ्या. नाव घेतलं, गजर झाला, आता कथेला बसू या. पण त्याआधी एक प्रश्न! उत्तर मनातल्या मनात द्या, कारण शेजारी बायको बसली आहे. माणूस एखादी वस्तू विकत घेतो, ती कामासाठी घेतो — की चार लोकांनी बघावी म्हणून घेतो?

"कामासाठी, बुवा!" — कोण बोललं? तुम्ही? अहो, तुमच्या घरी माणसं दोन आणि कुकर बारा लिटरचा! त्यात तुम्ही दोघं सहज मावाल! बसा, बसा. रागावू नका. आजची कथा तुमची नाही, हरबा मेस्त्रीची आहे. तुमची वाटली तर तो तुमचा दोष.

तर ऐका. नांदगणे नावाचं गाव. गावात देवी, आणि देवीच्या मखराचं काम पांचाळांच्या घरात. आज्यानं केलं, बापानं केलं, आता हरबा करतो. आणि त्याबद्दल मिळतं काय? एक नारळ! हसू नका! घटस्थापनेच्या सकाळी गाभाऱ्यात भिवा गुरव उभा राहतो, सगळ्या गावासमोर विचारतो, "देवीचं बसणं कोणाच्या हातानं झालं?" आणि पांचाळ पुढे होतो. पहिला नारळ त्याचा! सरपंचाच्या आधी, आमदाराच्या आधी! अहो, त्या एका नारळावर हरबा वर्षभर ताठ चालायचा.

या वर्षी मखर नवं होतं. सागवानी. हरबानं चार महिने खपून वेलबुट्टी काढली होती, मोर असे की आत्ता ओरडतील. आणि हरबाचा हट्ट — "देवीच्या डोळ्यांसमोर एकही स्क्रू दिसता कामा नये! सगळे स्क्रू मागनं, भिंतीकडून!" वा! विचार चांगला. पण मनगट गेलं ना! तीस वर्षं पेचकस पिळून पिळून मनगटानं संप पुकारला. चहाचा कप उचलला की कप एकीकडे, चहा दुसरीकडे आणि हरबा "आई गं" म्हणून तिसरीकडे.

भिवा गुरव घरी आला. ओटीवर बसला, सुपारी कातरत म्हणाला, "हरबा, कमिटीचं म्हणणं पडलं — तुझ्या हातानं होत नसेल तर तालुक्याचा फर्निचरवाला बोलावू. त्याच्याकडे मशीन आहे. नारळ मग... त्याला द्यावा लागेल."

नारळ दुसऱ्याला? हरबाला ते कसं सोसावं! पण तोंडानं काय म्हणाला? "मशीन? अरे हॅट! त्याच्याकडे आहे त्याच्या दुप्पट मोठं आणतो! गावानं बघत राहायला पाहिजे!"

बघा, मंडळी! बिघाड इथंच झाला. 'कामाचं आणतो' म्हणाला नाही. 'मोठं आणतो' म्हणाला!

त्याची बायको मालन आत भाकरी थापत होती. तिथनंच म्हणाली, "अहो, आणताय ते आणा, पण देवीच्या पाठीमागं जागा—"

"मालन, तू भाकरी बघ!"

बघितली. तिनं भाकरी बघितली. आपल्याकडे बायका अशाच किती भाकऱ्या बघत बसतात, त्याचा हिशेब देवच जाणे!

हरबा एस.टी.नं तालुक्याला गेला. हत्यारांचं दुकान. गल्ल्यावर मीनाताई. नवरा गेल्यापासून दुकान तीच बघते, आणि स्क्रू नुसता तळहातावर घेऊन किती नंबरचा ते सांगते, अशी बाई! तिनं विचारलं, "बोला मेस्त्री, काम कसलं? लाकूड की लोखंड? स्क्रू केवढा? आणि मशीन धरायचं कुठं, मोकळ्यात की अडचणीत?"

हरबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन पिढ्यांचा सुतार मी, आणि ही मला विचारणार? म्हणाला, "सगळ्यात मोठं कुठलं?"

मीनाताई हसली. समोर एक छोटं मशीन ठेवलं. केवढं? आपल्या घरची इस्त्री असते ना, तिच्याही निम्मं! बिनवायरचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. म्हणाली, "मेस्त्री, हे घ्या. साधं ड्रिल मशीन नुसतं फिरवतं, स्क्रू अडला की तुमचं मनगट पिरगळतं. हे फिरवतं आणि अडलं की आतल्या आत ठोके देतं. झटका हाताला येत नाही. दुखऱ्या मनगटाला हेच. मागनं पुढंपर्यंत लांबी बघा, कपाटाच्या कोपऱ्यातसुद्धा शिरतं."

हरबानं ते हातात घेतलं. आणि मंडळी, खरं सांगतो, हातात असं बसलं, असं बसलं, की मनगट म्हणालं, 'मालक, घ्या!' पण मनात काय आलं? गाव काय म्हणेल? हरबा मेस्त्रीनं खेळणं आणलं!

नजर वर गेली. वरच्या फळीवर एक धूड बसलं होतं. "ते काय?"

"मेस्त्री, ते ट्रकच्या चाकाचे नट खोलायचं आहे! गॅरेजवाले नेतात. त्याचं तोंड चौकोनी, स्क्रूसाठी पुढं जोड लावावा लागेल. म्हणजे आणखी लांब होईल."

"ताकद?"

"याच्या चौपट. पण तुम्हाला लाकडात—"

"बांधा!"

मीनाताईनं बांधलं. काय करणार! पण बाई देवमाणूस. म्हणाली, "आठ दिवसांत नाही झेपलं तर बदलून देईन. दोन बॅटऱ्या आहेत सोबत. फक्त एकच, मशीन आहे तसं कोरं राहिलं पाहिजे. त्याला काही लागता कामा नये." लक्षात ठेवा हे. पेटीवाले, तुम्हीपण लक्षात ठेवा.

हरबा गावात उतरला तो मशीन खांद्यावर घेऊन! खोक्यात का नाही? अहो, खोक्यात ठेवलं तर दिसणार कसं? गावभर मिरवून घरी आला. आता पांचाळांच्या घरची रीत — नवं हत्यार पूजेशिवाय वापरायचं नाही. खंडेनवमी लांब, म्हणून त्याच दिवशी पूजा! पाट मांडला. हळद लावली. कुंकू लावलं. ते जिथं जोड बसतो ना, तिथं अक्षता टाकल्या. एवढ्यावर थांबावं की नाही? नाही! हरबाचा उत्साह दांडगा. म्हणाला, "एवढं मोठं हत्यार, नुसत्या हळदकुंकवावर भागवायचं? पंचामृत आण!"

मालन म्हणाली, "अहो, विजेची वस्तू आहे ती!"

"बॅटरीची आहे! शास्त्रापुरतं एक पळी!"

एक पळी दूध, एक दही, एक तूप, एक मध, एक साखर. म्हणजे किती झाल्या? पाच! सगळ्या बटणावरून! मालननं कपाळाला हात लावला. नशीब एवढंच, की दुसरी बॅटरी आत चार्जिंगला लावली होती. नाहीतर तिचाही अभिषेक होता.

दुसऱ्या दिवशी घरात फळी ठोकायला घेतली. पहिला स्क्रू! बटण दाबलं — घर्रर्रर्र, धाड् धाड् धाड् धाड्! स्क्रू फळीत गेला, फळीतून पलीकडे गेला, फळी उभी चिरली, आणि फडताळातले डबे खाली! हरबा डाळीत उभा. पण हरला का? छे! म्हणाला, "बघितलंस ताकद!"

मालन म्हणाली, "बघितली. आता तूरडाळ आणि हरभराडाळ वेगळी करायला कुठलं मशीन आणताय?"

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी मखर गाभाऱ्यात उभं केलं. देवी मधे, मखर भोवती, आणि मखराच्या मागं आणि भिंतीच्या मधे जागा — वीतभर! बापाच्या वेळी हरबा काडी होता, हात घालून ठेंगण्या पेचकसानं स्क्रू पिळायचा. आता? खांदाच मखराला अडला. आणि मशीन? जोड धरून सव्वा हात! उभं घालून बघितलं. आडवं घालून बघितलं. तिरपं घातलं, तर मोराची चोच मोडली! भिवा गुरव जवळ आला, "काय रे, जात नाही?"

"जाईल! का नाही जाणार!" असं म्हणून हरबानं रागानं बटण दाबलं. मंडळी, मध तोवर वाळला होता. बटण दाबलं गेलं, ते वर येईचना! घर्रर्रर्र! मशीन थांबेना! हरबाच्या दुखऱ्या मनगटातून निसटलं, फरशीवर गरगर फिरायला लागलं, भिवा गुरवाच्या उपरण्याचं टोक धरलं, आणि उपरणं गुंडाळत गुंडाळत निघालं गुरवाकडे! गुरव पुढं, मशीन मागं! घंटेखालून एक प्रदक्षिणा, तुळशीवृंदावनाला दुसरी! "अरे हरबा, बंद कर! अरे धोतराकडे यायला लागलं!"

शेवटी मालननं परात उपडी टाकली त्याच्यावर. परातीखाली दोन मिनिटं धडधडलं आणि बसलं. परात उचलली, तर आतून मुंग्यांची रांग बाहेर.

हसलात. हसा. पण हरबाकडे बघा. तो हसत नव्हता. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसला होता, मोराची मोडकी चोच हातात घेऊन. डोळे भरून आले होते. भिवा गुरव धापा टाकत, पण हळूच म्हणाला, "हरबा, दिवेलागणीपर्यंत थांबतो. नाहीतर फर्निचरवाल्याला फोन करतो. माझा इलाज नाही रे."

बाप आठवला हरबाला. आजा आठवला. मालनला म्हणाला, "माझ्या हातून गेला गं नारळ. तीन पिढ्यांचा. मी घालवला."

मालन काय म्हणाली? 'मी सांगितलं होतं' म्हणाली? नाही म्हणाली! इथं बसलेल्या एकीनं तरी ही संधी सोडली असती का? मालननं सोडली. तिनं परातीखालचं धूड पिशवीत घातलं, घरातली चार्जिंगवरची बॅटरी घेतली, आणि दुपारची एस.टी. पकडली.

मीनाताईनं मशीन बघितलं. कुंकू बघितलं. वास घेतला. "मालनताई, हे परत घेऊ कसं? याचा तर प्रसाद झालाय!"

"परत नका घेऊ. मला फक्त ते छोटं दाखवा. देवीच्या मागं जागा माझी एक वीत. दर मंगळवारी मी झाडते तिथं. केरसुणी आडवी मावत नाही, उभी धरावी लागते."

मीनाताई गल्ल्यावरून उठली. "अहो, हेच मी मेस्त्रींना विचारत होते! जागा किती? ही जागा तुम्हाला ठाऊक होती?" तिनं छोटं मशीन मालनच्या वितीशेजारी ठेवलं. पुढं टोक आणि स्क्रू धरूनसुद्धा बसलं! "आणि ऐका, तुमची वाचलेली बॅटरी यालाही चालते, कंपनी एकच. नुसतं मशीन घ्या, बॅटरी वेगळी नको. बटण हळू दाबायचं. ठोके सुरू झाले की दोन मोजायचे आणि सोडायचं. आणि मालनताई, पंचामृत नको!"

चार वाजता मालन गाभाऱ्यात हजर. हरबानं छोटं मशीन हातात घेतलं, तेच ते, खेळणं! मखरामागं हात घातला. खांदा अडला. पुन्हा घातला. पुन्हा अडला. मशीन मावत होतं हो, हरबा मावत नव्हता!

मग त्यानं मशीन मालनच्या हातात दिलं. "तुझा जाईल."

मालननं बांगड्या कोपरापर्यंत मागं सारल्या आणि हात आत घातला. हरबा दिवा धरून सांगतो, "खालच्या बाजूनं दुसरं भोक... हं, टेकव... हळू गं, हळू!"

"हळूच आहे. तुम्ही दिवा हलवू नका."

टर्रर्रर्र... टक टक. थांबलं. दुसरा. टर्रर्रर्र... टक टक. अठरा स्क्रू, मंडळी! लाकडाला चीर नाही, मोराला नवा धक्का नाही. दिवेलागणीला मखर असं बसलं, की गुरवानं हलवून बघितलं तर गुरवच हलला.

सकाळी घटस्थापना. गाव जमलं. भिवा गुरवानं नारळ उचलला, उपरणं सावरलं — नवं होतं — आणि विचारलं, "देवीचं बसणं कोणाच्या हातानं झालं?"

गावानं हरबाकडे बघितलं. हरबा पुढं झाला. हात पुढं केला, तीन पिढ्यांचा हात! मालन मागं बायकांत उभी, पदर सावरून. तिला वाटलं, वाचला बाई नारळ. तिला तेवढंच पाहिजे होतं.

आणि हरबाचा हात तिथंच थांबला. मागं वळून मोठ्यानं म्हणाला, "मालन, पुढं ये. ओटी धर."

"अहो, काहीतरीच काय! मान तुमचा आहे!"

"मखर माझं. बसणं तुझ्या हातचं. गुरव खोटं विचारत नाही, मी खोटं सांगणार नाही. धर ओटी!"

नारळ मालनच्या ओटीत पडला. हरबा रडत होता आणि हसत होता, आणि भिवा गुरव पंचामृताची वाटी त्याच्यापासून लांब सरकवत होता.

मंडळी, सांगा, कथा मशीनची होती का? तुमच्या आमच्या प्रत्येकाच्या घरात एक मोठं धूड आहे. कोणाचं दारात उभं आहे, कोणाचं भिंतीवर टांगलंय, कोणाचं डोक्यात बसलंय. घेताना आपण विचारलं, 'सगळ्यात मोठं कुठलं?' आणि जागा किती आहे ते जिला ठाऊक होतं, तिला म्हणालो, 'तू भाकरी बघ.' देवीच्या पुढं आपण सगळे उभे राहतो हो, हार घालायला, फोटो काढायला! पण देवीच्या मागं कोण झाडतं? तिथली वीत कोणाच्या हाताला ठाऊक असते?

आता आरती होईल, प्रसाद घ्या, घरी जा. बारा लिटरवाले, तुम्ही विशेष लक्ष द्या. पुढची वस्तू घेण्याआधी घरात विचारा, "काय गं, जागा किती आहे?" आणि विचारल्यावर, बाबांनो, उत्तर येईपर्यंत गप्प बसा. देवीचा उदो करा, आणि उठताना आपापली चप्पलच घाला, मोठी बघून दुसऱ्याची नको!