एकशेएक की दोनशेएक

नाही हो नागप्पामामा, रडत नाहीये मी — किळस आलीय. बंगलोरहून शिकून परत आले, या ऑफिसात नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, जिल्हा नवा झालाय, त्यात असा दुष्काळ, ऑफिसातली माणसं जेवण विसरून राबत असतील. आणि बघते तर काय — पहिल्याच खोलीत सतरंजी आणि रमीचा डाव! टँकरच्या खेपेवर सही एकट्या अमृतरावसाहेबांची, आणि त्यांचा नेम काय, तर डाव चालू असताना पेनला हात लावायचा नाही — पानं फिरतात म्हणे! म्हणजे गावाला पाणी कधी? डाव संपल्यावर. आणि डाव कोणता? दोनशेएकचा. दोनशेएक गुण अंगावर चढेस्तोवर माणूस बाद होत नाही — चार-चार तास हालत नाहीत!

काल मी म्हणाले, साहेब, निदान एकशेएकचा तरी खेळा, लवकर संपेल. तर हसले. "म्याडम, एकशेएक म्हंजे पोरखेळ हाय. हात गरम व्हायच्या आत उठावं लागतंय. तुमीच बसा की — जिंका, लगेच सही देतो." बसले मी. हो, बसले — हॉस्टेलवर चार वर्षं दुसरं काय केलं होतं? तुम्ही बाहेर टँकर भरून थांबलेले, तुम्हाला वाटलं असेल, बाई आत सहीसाठी भांडतेय. केवळाबाई दारात उभी — वाडीवरून पायी आलेली, टँकर घेऊनच जाते म्हणून. एकशेएकचा डाव तासाभरात जिंकले मी. आता उठायचं ना? कागद पुढं करायचा ना? साहेब पत्ते पिसत म्हणाले, "हे काय खरं न्हाई. एक दोनशेएक होऊन जाऊ द्या" — आणि मी म्हणाले, वाटा.

वाटा म्हणाले, मामा! पानंच अशी येत होती — जोकरावर जोकर — दाराकडे मान वळवली नाही. उठले तर दिवस मावळलेला. अंधारात ओढ्यातून गाडी जायची नाही म्हणालात, खरंच होतं ते. आणि केवळाबाई — शिव्या तरी द्यायच्या! तिनं पदर सारखा केला, मला विचारलं, "जिकलीस का गं माय?"

हो म्हणाले मी.

आज उठल्या उठल्या ठरवलं. साहेबांची सही कालच्या तारखेची, ती आज चालत नाही; आजच्या खेपेवर मीच सही करायची. अधिकार नाही, माहितीये. नोकरी जाईल, तेही माहितीये. साहेब यायच्या आत ओढा ओलांडा. काय बघताय माझ्याकडं? हा धरा कागद — निघा!