मोतीबिंदूच्या रांगेतली मुलाखत

माझ्या नातीची, मयूरीची, मुलाखत कुठे झाली ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. दवाखान्याच्या व्हरांड्यात!

वकिलीच्या पदवीनंतर तिला आरोग्य कायदा शिकायचा होता. त्याच्या प्रवेशाची मोबाइलवरची मुलाखत आणि माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच सकाळी आलं. तिने माझं संमतीपत्र मला वाचून दाखवलं, तर रांगेतले सगळेच आपापले कागद घेऊन तिच्याभोवती जमले. तेवढ्यात फोन वाजला.

मी म्हणालो, “पोरी, बाहेर जा. तुयी सीट जाऊन राहिली!”

फोन उचलून ती उठली, पण बीरगांवहून आलेल्या, छत्तीसगढी बोलणाऱ्या एका म्हातारीने तिचा हात धरला. “नोनी, पहिली मोर कागज पढ़ दे.” नोनी म्हणजे पोरी; तिला आधी आपला कागद वाचून हवा होता.

फोनवरच्या मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “पढ़िए, हम सुन रहे हैं.”

मयूरीने ओळ न् ओळ छत्तीसगढीत समजावली. म्हातारीने शाई लावलेला अंगठा वरच धरला. “नोनी, मैं ‘नहीं’ बोल सकथंव का?”

“हव दाई, बोल सकथस.” मयूरीने ‘दाई’, म्हणजे आई, म्हणत तिला नकार देता येतो हे सांगितलं.

“तब पहिली डॉक्टर ला बुला. पूछे के बाद अंगूठा लगाहूं.”

नर्स चिडली, पण डॉक्टर आले आणि म्हातारीशेजारी बसून तिला सगळं सांगू लागले.

मयूरी घाबरून म्हणाली, “सॉरी मॅडम, अब आप सवाल पूछिए.”

“सवाल तो दाई ने पूछ लिया, बेटा. आप एडमिशन की तैयारी कीजिए.”

मी आनंदाने असा ओरडलो की नर्स धावत आली. “बाबा, चुप बैठिए, बीपी बढ़ जाएगा!”

वाढलाच. माझं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं.